पेंडीच्या जाहिरातीतली हाक

ते गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. नाव मी सांगत नाही, गरजही नाही. मोबाइल नुकते घराघरांत शिरले होते त्या सुमाराला ते निघालं आणि वरातीत, गणपतीत, जयंतीच्या मिरवणुकीत, वडापच्या जीपमध्ये, जिथं जाल तिथं तेच. सुरुवातीला एक बाई नुसतीच गुणगुणते, शब्द नाहीत, आणि मग धाडकन ढोल पडतो. मग पोरगा पोरीला म्हणतो, ये गं ये, घे गं घे, ओंजळ माझी रिती गं. पोरं त्यावर अंगातले शर्ट काढून नाचली. माझ्या शेजारणीच्या लेकीचं लग्न तर त्या गाण्यावरच जमलं असं शेजारीण स्वतः सांगते.

तर ते गाणं मुळात एका म्हशीला म्हटलेलं आहे. चेष्टा करत नाही मी. पेंडीच्या जाहिरातीचं गाणं ते, आणि ती जाहिरात माझ्या धाकट्या बहिणीनं गायली होती.

माझं माहेर नेसरीच्या बाजूचं, लहानसं गाव. वडील लवकर गेले. आई, तिला आम्ही आव्वा म्हणायचो, दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायची. दारात एखादी म्हस, दूध डेअरीला, आणि त्यावर आम्ही दोघी वाढलो. मी थोरली. लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि पुढं एका शाळेत शिपाई म्हणून लागले. चार यत्ता शिकलेली बाई मी. बाकी जे काय वाचलं ते त्या शाळेच्या कपाटातली पुस्तकं पुसता पुसता.

बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिचा गळा कसा होता म्हणून सांगू? गोड म्हणतात तसा नव्हता. जरा जाडसर, उन्हात ठेवलेल्या गुळागत. विहारात वंदना तीच सांगायची आणि म्हातारी माणसं म्हणायची, ही सांगाय लागली की डोळे आपसूक मिटतात. जयंतीला बाहेरगावची गायन पार्टी यायची, पण मध्ये एक गाणं हिचं ठरलेलं. पेटीवाला दरवर्षी विचारायचा, पोरी कुठं शिकलीस? ही म्हणायची, गोठ्यात.

ते खोटं नव्हतं. आमच्या घरी एक म्हस होती, तिची आई वेतातच मेलेली. ते रेडकू बहिणीनं फडकं दुधात बुडवून, बोटानं चोखवून जगवलं. रात्री उठून पांघरूण घालायची त्याच्यावर. आव्वा म्हणायची, हिला नवरा नको, रेडकूच दिऊया. ती म्हस मोठी झाली, व्याली, पण धारेला बसायचं तर बहिणीनंच. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की दूध चढवून घ्यायची, लाथ झाडायची. बहीण बसली की आधी ओठ मिटून एक हाक द्यायची, नाकातनं निघून घशात उतरणारी. आमच्या घरातली हाकच ती, आव्वानं आम्हा दोघींना शिकवलेली. आणि मग धार सुरू करताना स्वतःच जुळवलेलं म्हणायची.

ये गं ये, घे गं घे, पाटी तुझी भरली गं,
घे गं घे, दे गं दे, चरवी माझी रिती गं.

एवढंच. म्हस डोळे अर्धे मिटून उभी राहायची आणि पान्हा सोडायची.

नव्वदच्या पुढची गोष्ट, गडहिंग्लजच्या रस्त्याला पशुखाद्याचा एक कारखाना निघाला. बहीण तिथं पोत्यांची तोंडं शिवायला लागली, दाभण आणि सुतळी घेऊन. शिवता शिवता हेच म्हणायची. कारखान्याच्या मालकाला जाहिरात करायची होती, गावोगाव जीप फिरवायची, वर कर्णा लावून. त्यानं कोल्हापुरातनं एक संगीत मास्तर आणले. मास्तरांनी मालकाला चार चाली ऐकवल्या, त्या मालकाला पटल्या नाहीत, आणि मास्तर रागानं बाहेर येऊन पोत्यांच्या थप्पीपाशी विडी ओढत उभे राहिले. तिथं त्यांच्या कानावर हे पडलं. त्यांनी विचारलं, हे कुठलं गाणं? ही म्हणाली, गाणं न्हवं ते, मी म्हशीला म्हणतो.

मास्तरांनी त्यात मालकाच्या पेंडीचं नाव घालून एक ओळ वाढवली, एवढंच त्यांचं. बाकी सगळं तिचं.

स्टुडिओ कोल्हापुरात, रंकाळ्याच्या बाजूला. रेकॉर्डिंगच्या दिवशी आमच्या शाळेत तपासणी होती, मला रजा मिळाली नाही. आव्वा आणि बहीण पहाटेच्या एसटीनं आल्या, परस्पर तिकडं गेल्या, संध्याकाळी माझ्याकडं जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या. बहिणीला मालकानं एक पातळ दिलं आणि एक पोतं पेंड. म्हशीचा वाटा मिळाला, माझा राहिला, असं म्हणून ती हसत होती. महिनाभरानं मास्तरांनी माझ्या पत्त्यावर एक कॅसेट पाठवली. जीपवरच्या दोन सोडल्या तर तेवढी एकच.

मग जीप फिरली. नेसरी, चंदगड, पार खालच्या गावांपर्यंत. बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजमध्ये माणसं थांबून ऐकायची. आमच्या गावात पोरं बहिणीला बघून ‘दे गं दे’ म्हणून चिडवायची, आणि ती उलट म्हणायची, ये हिकडं, दावं बांधतो आणि मग देतो.

ती चोवीस वर्षांची होती तेव्हा तिला कावीळ झाली. गावात पाला देणारा एक माणूस होता, त्याच्याकडं सात दिवस गेले. मला कळवलं तेव्हा ती उठून बसत नव्हती. कोल्हापूरच्या दवाखान्यात आणली, डॉक्टर म्हणाले उशीर केला. चौथ्या दिवशी गेली. मी शेजारी होते. शेवटचे दोन दिवस ती बोललीच नाही, त्यामुळं तिचं शेवटचं म्हणून काही मला सांगता येत नाही.

घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना दुसऱ्या कुणी तरी सांगितली आणि मध्येच अडखळली, आणि सगळे एकदम रडायला लागले. मी आव्वापाशी महिनाभर राहिले. तेवढ्यात म्हशीचा प्रश्न उभा राहिला. ती आटली नव्हती, कास ताठ भरलेली, पण आव्वा बसली तरी देईना, मी बसले तर लाथेनं चरवीच उडवली. आम्ही हाक दिली, गाणं म्हटलं, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण पुढं ठेवलं. काही नाही. कास दुखून ती रात्रभर हंबरायची. भावकीतले म्हणाले, इंजेक्शन द्या, पान्हा सुटतो. आव्वा म्हणाली, तिच्या म्हशीला सुई लावायची न्हाय.

आणि एका सकाळी ती जीप आली.

त्याला काय ठाऊक, कारखान्याचा नवा ड्रायव्हर होता. तो आपला कर्णा लावून गल्लीत शिरला, आणि बहिणीचा आवाज आमच्या दारावरनं गेला. ये गं ये, घे गं घे. आव्वा तांदूळ निवडत होती, ती तशीच आडवी झाली. मी पाणी आणायला धावले, आणि गोठ्यापाशी माझे पाय थांबले. म्हशीच्या चारी सडांतनं दूध गळत होतं. कुणी हात लावला नव्हता. खाली शेणात पांढरं थारोळं. म्हस मान वर करून रस्त्याकडं बघत होती.

आव्वाला शुद्ध आल्यावर मी ते सांगितलं. ती भिंतीला धरून उठली, गोठ्यात जाऊन बघून आली. मग म्हणाली, तुझ्याकडची कॅसेट मला आणून दे.

मला वाटलं, तिला ऐकायची आहे. आईचं काळीज. पुढच्या खेपेला कॅसेट आणि घरातला टेपरेकॉर्डर दोन्ही नेऊन दिलं. त्यानंतर दोन महिन्यांनी गेले तर टेपरेकॉर्डर गोठ्याच्या मेढीला टांगलेला. वर शेणाचे शिंतोडे, कोंडा, माश्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आव्वा बटण दाबायची आणि धारेला बसायची. कॅसेट संपून गेली की मागं फिरवायची. म्हस निवांत दूध देत होती.

मी फार भांडले त्या दिवशी. आवाज घासतोय, टेप झिजतीय, हे एकच उरलंय आपल्याकडं आणि ते तू म्हशीपुढं उधळतीस, असं काय काय बोलले. आव्वा धार काढतच राहिली. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"म्हशीसाठीच म्हटली होती की ती," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हवं, माझ्यासाठी बी न्हवं."

मी पदरानं टेपरेकॉर्डरवरचा कोंडा पुसला.

पण मला एक करता आलं असतं. कोल्हापुरात दुकानादुकानात कॅसेटवरनं कॅसेट भरून द्यायचे. मी ठरवलं होतं. या खेपेला नेते, पुढच्या खेपेला नेते. पण नेली तर दोन दिवस म्हशीचं काय करायचं, हा प्रश्न यायचा, आणि घरी पोरांच्या परीक्षा, सासूचं आजारपण, शाळेचं गॅदरिंग, असं करत दीड वर्ष गेलं. मधल्या काळात टेप दोनदा तुटली, आव्वानं टिकलीच्या गोंदानं चिकटवली. तिसऱ्यांदा टेपरेकॉर्डरनं ती आत ओढून चावली. मी गेले तेव्हा आव्वानं तो सगळा चुरगळलेला गुंता एका डब्यात घालून ठेवला होता. तोवर म्हस आव्वाच्या हाताला रुळली होती, कॅसेट नसली तरी द्यायची. म्हशीचं भागलं. आमचं गेलं.

नंतर कारखाना बंद पडला. जीपवरच्या कॅसेटसाठी मी तिथं जाऊन आले, तर फाटकाला कुलूप आणि आत एरंड माजलेला. राखणदार म्हणाला, पावणं, हितं आता उंदीर बी न्हाय.

मग सात-आठ वर्षं गेली, आणि आमच्या शाळेच्या गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्या. मी हॉलमध्ये बाकडी सरकवत होते. मोठ्या स्पीकरवर बाईंनी सीडी लावली. पहिल्यांदा ती हाक आली, ओठ मिटलेली, नाकातनं घशात उतरणारी. माझ्या हातातनं बाकडं सुटलं, पायावर पडलं, अंगठ्याचं नख गेलं. मला ते संध्याकाळी कळलं.

मी बाईंना म्हणाले, हे पेंडीच्या जाहिरातीचं गाणं आहे. माझ्या बहिणीनं म्हटलंय. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. बाई चांगल्या होत्या, पण त्यांनाही हसू आवरेना. "अहो मावशी, एवढं हिट गाणं ते, आणि तुम्ही त्याला म्हशीच्या गोठ्यात नेऊन बांधलंत?" म्हणाल्या. मी पंधरा दिवस त्या तालमी ऐकल्या. पुढचं सगळं बदललेलं होतं. चरवीच्या जागी ओंजळ आली होती, गाणारा पोरगा कुठला तरी मुंबईचा. पण ती सुरुवातीची हाक कुणी दुसरी बाई तशी देऊ शकेल, हे मला पटेना. मला एकच ध्यास लागला. ही जर तिची असेल, तर आव्वाच्या कानावर ती एकदा पडायला पाहिजे. आव्वा थकली होती. एका कानानं ऐकू कमी यायचं. फार दिवस हातात नव्हते.

रंकाळ्याकडचा तो स्टुडिओ शोधत गेले. तिथं आता सीडी आणि मोबाइल रिचार्जचं दुकान. गल्ल्यावर मास्तरांचा जावई. मास्तर तीन वर्षांमागं गेले म्हणाला. मी कोण, आव्वासाठी काय शोधतीय ते सांगितलं तर तो उभा राहिला, मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग त्यानं जे माहीत होतं ते सांगितलं. मास्तरांचे शेवटी हाल झाले, आणि त्यांनी जुनी सगळी रिळं एका मुंबईच्या कंपनीला देऊन टाकली, चाली वापरायच्या हक्कासकट. त्यात ही जाहिरात होती. कंपनीला चाल आवडली. नवे शब्द लिहून घेतले, नवा गाणारा आणला. सुरुवातीच्या हाकेसाठी दोन-तीन नावाजलेल्या बाया बोलावल्या, पण कुणाला ती जमेना.

"शेवटी रिळावरच्या गावाकडच्या बाईचा आवाज हाय तसा उचलून ठेवला," तो म्हणाला. "तेवढा एक तुकडा जुना, आक्का. बाकी सगळं नवं."

बाकीचं रीळ कुठंय, मी विचारलं. त्यानं माझ्या देखत फोन लावला मुंबईला. पलीकडचा माणूस म्हणाला, असली रिळं ठेवत नाहीत, त्यावर दुसरं भरलं असणार किंवा फेकली असणार. जावयानं फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता काउंटर पुसायला लागला. मग म्हणाला, तुमच्या आईकडं काय आहे, सीडी की टेप? टेप म्हटल्यावर त्यानं मला तासभर बसवून घेतलं आणि सीडीवरची ती हाक तेवढीच, ढोल पडायच्या आधी तोडून, एका कॅसेटवर पुन्हा पुन्हा भरून दिली. पूर्ण एक बाजू. काही घेतलं नाही. म्हणाला, आईंना माझा नमस्कार सांगा.

रविवारी एसटीनं गावाला गेले. कॅसेट पिशवीत ठेवायचा जीव होईना, पोलक्यात ठेवली. वाटेत मला किती तरी दिवसांनी बरं वाटत होतं. दीड वर्ष चालढकल केली होती ना मी, तिचं थोडं तरी फेडल्यासारखं.

आव्वा अंगणात ऊन खात बसली होती. म्हस विकून बरेच दिवस झाले होते. तिला मी सगळं सांगितलं, गाण्याचं, स्टुडिओचं, रिळाचं. तिला किती कळलं माहीत नाही. मी टेपरेकॉर्डर तिच्या चांगल्या कानाशी धरला आणि बटण दाबलं.

हाक आली. पुन्हा आली. पुन्हा. आव्वाच्या तोंडावर आधी हसू आलं, खरंखुरं, मी बघितलं. चार-पाच वेळा ऐकून ते उतरलं. तिनं हात वर करून बंद कर म्हटलं.

"हे ती न्हवं," ती म्हणाली.

मी म्हटलं, आव्वा, नीट ऐक, तिचाच आहे, त्या जावयानं सांगितलंय.

"मला काय सांगतीस? मी हाय ती."

मग तिनं सांगितलं. स्टुडिओत काचेच्या खोलीत बहिणीच्या कानाला ते भलं मोठं यंत्र लावलं. गाणं तिनं पहिल्या झटक्यात म्हटलं, मास्तरांनी टाळी वाजवली. पण हाक द्या म्हटलं तर येईना. पुढं म्हस नाही, वास नाही, बसायला पाट नाही. हसू फुटायचं, मग रडू फुटायचं, आवाज फाटायचा. दुपार झाली. आव्वा कोपऱ्यात बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसलेली. शेवटी मास्तर म्हणाले, आजी, तुम्ही देता का? आव्वा उठली, माइकच्या त्या डब्यापुढं तोंड नेलं आणि दिली. त्यांनी ती गाण्याच्या आधी जोडली. माझ्याकडं येता येताच बहिणीनं आव्वाला गळ्याची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही, आक्काला तर मुळीच नाही. गावात तिचं नाव व्हायचं होतं ना, सगळं तिनंच म्हटलं म्हणून.

"मी न्हाय सांगितलो," आव्वा म्हणाली. "ती गेल्यावर बी न्हाय. पण आता तिचा म्हणून माझाच आवाज उराशी धरून बसू व्हय?"

मी तिचे पाय धरले. तिनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला, आणि थोड्या वेळानं एवढंच विचारलं, त्याच्या पुढचं, शब्दांचं, ते कुठंय? मी म्हटलं, ते नाही आव्वा. ते कुठंच नाही. ती बरं म्हणाली. मग मला भाकरी टाकायला आत पाठवलं. मी चुलीपुढं बसले आणि ती बाहेर. बराच वेळ तिनं हाक मारली नाही.

दोन वर्षांनी आव्वाही गेली.

आता माझ्याकडं आव्वाचा आवाज आहे. त्या कॅसेटच्या मी तीन कॅसेट करून ठेवल्या, एक घरी, एक लेकीकडं, एक शाळेतल्या कपाटात. अक्कल आली, पण ज्याच्यासाठी यायला हवी होती ते गेल्यावर. आणि खरं सांगायचं तर मला एवढ्या उघडपणे कुणाला सांगवलं नाही आजवर, पण बहिणीचा आवाज मला आता आठवत नाही. जाडसर होता, गुळागत होता, हे सगळं मी तुम्हाला सांगितलं, ते शब्द आहेत माझ्याकडं. डोळे मिटून बसते. ये गं ये, घे गं घे, ओळी सगळ्या येतात, तिची मान कशी वाकडी व्हायची तेही दिसतं. पण तिनं तोंड उघडलं की त्यातनं आव्वाचा आवाज येतो.